जुन्या लॅपटॉपमधला आकडा

परीक्षकांनी नीतूकडे फक्त एक जास्तीचा तक्ता मागितला होता.

प्रबंध देऊन पाच महिने झाले होते. विद्यापीठाच्या पत्रात बाकी सगळं कौतुकच होतं. उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे आकडे तेवढे वेगळे करून दाखवा, असं शेवटी लिहिलं होतं. नीतूला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. रविवारी सकाळी चार वर्षांच्या प्राचीला, तिच्या मुलीला, आंघोळ घातली, तिच्यापुढे मुरमुऱ्यांची वाटी ठेवली आणि नवा लॅपटॉप उघडला.

जुना लॅपटॉप आठ महिन्यांपूर्वी बंद पडला होता. एक दिवस पडदा काळा झाला तो झालाच. आकडे आणि प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर होते, म्हणून निभावलं. नव्या लॅपटॉपवर तिनं 'आर' ही संख्याशास्त्राची संगणकभाषा टाकली, लागणारी पॅकेजेस, म्हणजे तयार गणितांचे संच, इंटरनेटवरून उतरवली आणि नवा तक्ता काढण्याआधी खात्री म्हणून प्रबंधातला मुख्य तक्ता पुन्हा चालवून पाहिला.

तिथं २.८ यायला हवं होतं. आलं १.३.

तिनं पुन्हा चालवलं. पुन्हा १.३. फाइल बघितली, तीच होती. प्रोग्रॅममधला एक शब्दही बदललेला नव्हता.

हा २.८ म्हणजे नीतूची सहा वर्षं होती. सडक अर्जुनीच्या आसपासचे चौदा तलाव तिनं निवडले होते. त्यातल्या सात तलावांत गावातल्या बायांनी उन्हाळ्यात तळ नांगरून पाण्यातली झाडं लावली होती, सातांत काही केलेलं नव्हतं. झाडं लावल्यानं देशी मासे वाढतात का, एवढाच तिचा प्रश्न. लावणीच्या तलावांत एका जाळ्यामागे मासे २.८ पट, जवळजवळ तिप्पट, हे तिचं उत्तर. प्रबंधाचं पहिलं पानच तिथून सुरू होत होतं.

"काय झालं?" स्वयंपाकघरातून निर्मलाबाईंनी विचारलं. नीतूची सासू. नीतू काम करताना गप्प झाली की त्यांना बरोबर कळायचं.

"काही नाही माय. आकडा जमत नाहीये."

निर्मलाबाई हात पुसत येऊन बसल्या. या आकड्यात त्यांचाही वाटा होता. नीतूनं मोजणी सुरू केली तेव्हा तिला सहावा महिना चालू होता. पोट घेऊन तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, चढायला नवरा भुपेंद्र नको म्हणत होता, तेव्हा निर्मलाबाईंनीच तोड काढली होती. "मी राहीन तिच्या संगं. तिनं खुर्चीवर बसावं, मी लिहीन." त्या सातवी शिकलेल्या. पुढची तीन वर्षं दर महिन्याला मासेमारांनी जाळं टाकायचं, निर्मलाबाईंनी मासे मोजायचे आणि लांब वहीत मोठ्या गोल अक्षरात लिहायचं: तलावाचं नाव, किती जाळी टाकली, किती मासे. प्राची झाल्यावर ती आजीच्या मांडीवर असायची आणि वही गुडघ्यावर. घरात त्या 'आमची पीएचडी' असंच म्हणत.

"माह्या वहीत काही चुकलं का?" त्यांनी विचारलं.

"वहीत नाही. वेगळंच काहीतरी आहे."

तिनं इंद्रकुमार सरांना फोन लावला. सर तिचे मार्गदर्शक, आता निवृत्त, गोंदियात राहत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बेटा, नवी मशीन घेतलीस ना? मग पॅकेजेस पण नवीनच उतरली असतील. लिहिणारे लोक त्यात सुधारणा करत राहतात. नाव तेच राहतं, व्हर्जन बदलतं. दो साल पहले कोणतं पॅकेज कोणत्या व्हर्जनचं होतं, लिहून ठेवलं होतंस?"

नीतू पेनड्राइव्हवरची यादी पुन्हा वरपासून बघू लागली.

"नाही ठेवलंस. चूक माझी पण आहे, मी विचारलं नाही. जुना लॅपटॉप आहे का? त्यात मिळेल."

नीतूनं डोळे मिटले. "भंगारात गेला सर."

फोन ठेवून तिनं ते निर्मलाबाईंना समजावलं. प्रोग्रॅम तिचा स्वतःचा, पण आतली गणितं करणारी अवजारं दुसऱ्या लोकांनी बनवलेली; ती अवजारं दोन वर्षांत बदलली आणि आधीची कोणती होती ते आता सांगता येत नाही.

"म्हंजे पोत्यावर नाव तेच, पन आतलं बियानं बदललं," निर्मलाबाई म्हणाल्या.

"तसंच."

निर्मलाबाई उठून आतल्या खोलीत गेल्या. लोखंडी पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी चपटं होतं. सोडलं तर आत लॅपटॉप. कोपऱ्यावरचा विद्यापीठाचा स्टिकरसुद्धा जागेवर.

"भंगारवाल्याले देल्ला नाही मी," त्या जराशा ओशाळून म्हणाल्या. "तू त्या दिवशी रडून राहिली होती ना त्याच्यासाठी. म्हटलं, असू दे पेटीत. खातो का पितो तो?"

नीतूला हसूही आलं आणि रडूही. तिनं सासूचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

भुपेंद्रचं हायवेला लागून मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. पंपाच्या मोटारी उघडण्यात त्याचा हात बसलेला, पण लॅपटॉप त्यानं आधी नुसता उलटासुलटा करून पाहिला. "पडदाच गेला असंल तं बाकी जिवंत असू शकते," तो म्हणाला आणि दुकानातून एक केबल घेऊन आला. चार्जर लावला, केबलचं एक टोक लॅपटॉपला, दुसरं घरच्या टीव्हीला. दुपारची जेवणं झाली होती. टीव्हीवर आधी निळा रंग आला, मग हळूहळू नीतूचा जुना डेस्कटॉप, प्राची आठ दिवसांची असतानाच्या फोटोसकट.

"मी!" प्राची टीव्हीकडे बोट दाखवून ओरडली.

नीतूनं प्रोग्रॅम चालवला. टीव्हीच्या पडद्यावर एवढ्या मोठ्या अक्षरात आला: २.८.

आता फक्त यादी हवी होती. एक आज्ञा दिल्यावर सगळी पॅकेजेस आणि त्यांची व्हर्जन्स एकाखाली एक उभी राहिली. एकेचाळीस पॅकेजेस. निर्मलाबाईंनी विचारलं, "लिहू का?" आणि नीतू 'फोटो काढते' म्हणेपर्यंत त्यांनी नवी वही काढलीसुद्धा. मग नीतूनं वाचलं आणि त्यांनी लिहिलं.

"झालं ना आता?" भुपेंद्र म्हणाला. "त्या परीक्षकाचा तक्ता ह्याच लॅपटॉपवर काढ आन् दे पाठवून."

खरं तर झालंच होतं. पण नीतू कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. दोन यंत्रं, तीच वही, दोन उत्तरं. त्यातलं एक तरी चूक होतं आणि कोणतं ते तिला ठाऊक नव्हतं. सोमवारपासून कॉलेज सुटल्यावर ती रोज तासभर बसू लागली. नव्या लॅपटॉपवर तिनं या कामासाठी वेगळं फोल्डर केलं, म्हणजे इथं टाकलेलं पॅकेज बाकी कुठं लुडबुड करणार नाही. आणि जुन्या यादीतली व्हर्जन्स एकेक करून आत आणायला लागली. एक आणायचं, चालवायचं, आकडा बघायचा. निर्मलाबाई वहीत बरोबरची खूण करत जायच्या.

पहिल्या दिवशी नऊ झाली, १.३. दुसऱ्या दिवशी सात, १.३. एकाचं जुनं व्हर्जन दुसऱ्या एकाच्या नव्या व्हर्जनशी जमेना, त्यात बुधवार गेला. गुरुवारी संध्याकाळी सव्विसावं पॅकेज जुनं केलं आणि आकडा २.८ झाला. ते परत नवं केलं, १.३. पुन्हा जुनं, २.८.

"हेच," नीतू म्हणाली.

जाळ्यांच्या संख्येनुसार माशांची तुलना करणारं ते पॅकेज होतं. लिहिणाऱ्यानं कोणत्या व्हर्जनमध्ये काय बदललं, याची नोंद सोबत ठेवली होती. नीतू ती खालून वर वाचत गेली. मधेच एक छोटीशी ओळ होती: मोजणीच्या रकान्यात जागा रिकामी असेल तर त्या ओळीपासून पुढे दुसरा रकाना एका घरानं सरकत असे, ही चूक दुरुस्त केली.

नीतूनं ती ओळ तीनदा वाचली. मग हळू आवाजात म्हणाली, "माय, तुमच्या वह्या आणा बरं. पहिल्या वर्षाच्या."

मोजणी न झालेली जागा अख्ख्या तीन वर्षांत एकच होती. निर्मलाबाईंनी पान बरोबर काढलं, शोधावं लागलंच नाही. तलावाचं नाव होतं. जाळी ४, असं होतं. मासे, आणि त्यापुढं काहीच नाही. अक्षरही तिथं तिरकं झालं होतं.

त्या दिवशी पारीवरच नीतूला कळा सुरू झाल्या होत्या. चार जाळी टाकून झाली होती, मासे घमेल्यात फडफडत होते, आणि निर्मलाबाईंनी वही काखेत मारून तिला ऑटोत घातलं होतं. घमेलं तिथंच राहिलं. प्राची त्याच संध्याकाळी झाली.

नीतूनं प्राचीची पाटी जवळ ओढली.

मग तिच्यावर मांडून दाखवलं. वहीत तलाव आलटून पालटून होते, एक लावणीचा, एक बिनलावणीचा. लावणीचे तलाव मोठे, तिथं सहा जाळी टाकायची. दुसरे लहान, तिथं चार. रिकाम्या जागेनंतर जुन्या पॅकेजनं प्रत्येक तलावाच्या माशांना आधीच्या तलावाची जाळी लावली होती. "हे बघा, अठरा मासे, सहा जाळी. जाळ्यामागे किती?"

"तीन."

"जुन्या लॅपटॉपनं चारनं भागलं. साडेचार केले. आणि लहान तलावांना सहानं भागलं, म्हणून ते दिसले उगाच कमी. पुढचं सगळं तसंच, तीन वर्षं."

निर्मलाबाईंनी पाटीवरून बोट फिरवलं. त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे माह्या त्या रिकाम्या जागेनंच घोळ केला. मी तवा अंदाजानं काही लिहून टाकलं असतं तं..."

"नाही माय." नीतू त्यांच्याकडे वळून बसली. "त्या दिवशी मोजले नव्हते, म्हणून तुम्ही रिकामं सोडलं. ते खरं होतं. तुम्ही मनानं आकडा भरला असता तर ती चूक कुणालाच कधी सापडली नसती. चूक त्या पॅकेजात होती, आणि ते लिहिणाऱ्यानं सापडल्याबरोबर सांगितलीसुद्धा. मी वाचली नाही, एवढंच."

निर्मलाबाईंनी वही मिटली नाही, तशीच मांडीवर उघडी ठेवली.

भुपेंद्रला रात्रीच्या जेवणात हे कळलं तेव्हा तो थोडा चिडला. बायकोवर नाही, एकूणच. "सहा वर्षं झाली नीतू. परीक्षकाले पसंत पडलं आहे. जुना लॅपटॉप चालू आहे. कोनाले दिसणार आहे का?"

"मला दिसलं ना."

"आन् पदवी राहिली तं?"

"तर राहिली," नीतू म्हणाली, पण तिनं पुढचा घास घेतलाच नाही. भुपेंद्रनं तिच्याकडे बघितलं, पोळी तिच्या ताटाजवळ सरकवली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. सकाळी दुकानात जाताना एवढंच म्हणाला, "सरांकडं जायचं असंल तं सांग, गाडीवर सोडतो."

पण सरांच्या आधी एका माणसाला सांगायचं होतं. सौंदडच्या अलीकडे एका गावात दुर्पताबाई होत्या. लावणी करणाऱ्या बायांच्या गटाच्या त्या प्रमुख. ग्रामसभेत उभं राहून त्यांनी सांगितलं होतं, कॉलेजच्या मॅडमनं मोजलं, आमच्या तलावात मासे तिप्पट झाले. त्या जोरावर दोन गावांनी लावणी सुरू केली होती. शनिवारी निर्मलाबाई आपण होऊन चप्पल घालून तयार झाल्या. "मी बी येईन. मोजलं मी बी होतं."

तलावाचं पाणी मागं हटलं होतं आणि सात-आठ बाया ओल्या तळात रोपं खोचत होत्या. दुर्पताबाई चिखलाचे हात घेऊन पारीजवळ आल्या. नीतूनं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तिप्पट नाही. आकडा चुकला होता. खरी वाढ आहे, पण ज्या जाळ्यात दहा मिळायचे तिथं तेरा, एवढीच.

दुर्पताबाईंनी ऐकलं. मग कपाळावरचा घाम दंडानं पुसला.

"बाई, तिप्पट आले असते तं मी इथं चिखलात कायले उभी राहिली असती?" त्या म्हणाल्या. "आमच्या जाळ्यात का येते, ते आमाले नाही का मालूम? तुमी म्हटलं तिप्पट, आमी म्हटलं असंल, शिकलेले लोक हायेत. दहाचे तेरा, हे पटते मले."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं कवा?"

निर्मलाबाईंनी तोंडाला पदर लावला, पण त्यांचे खांदे हलत होते. मग दुर्पताबाईही हसल्या. ग्रामसभेत नवा आकडा सांगायचं त्यांनी आपल्याच अंगावर घेतलं. "मी सांगीन. दहाचे तेरा काय कमी हाय का? फुकटात येते का?" आणि आल्याच आहेत तर म्हणून दोघींनाही रोपांची एकेक जुडी देऊन चिखलात उतरवलं.

इंद्रकुमार सरांनी चहा संपेपर्यंत सगळं ऐकलं आणि म्हणाले, "परीक्षकांना मीच पत्र लिहितो. तू प्रबंध मागे घे आणि नवा दे. उशीर होईल. होऊ दे."

उशीर झाला. सात महिने गेले. चौदा तक्ते पुन्हा काढावे लागले, तीन प्रकरणं नव्यानं लिहावी लागली, आणि एक प्रकरण जास्तीचं झालं, आकडा का बदलला त्याचं. या वेळी नीतूनं पहिल्या दिवसापासून प्रोजेक्टला स्वतःची व्हर्जनांची यादी जोडून ठेवली. ती यादी फाइलीत बंद असते. दुसऱ्या कुणी प्रोजेक्ट उघडलं की त्याच्या संगणकावर नेमकी तीच पॅकेजेस, त्याच व्हर्जनची, आपोआप येऊन बसतात. निर्मलाबाई मात्र वहीतही लिहून ठेवायच्या. संगणकाचा काय भरवसा, असं त्यांचं म्हणणं.

ऑक्टोबरात तोंडी परीक्षा झाली. नीतू पहाटेच्या बसनं नागपूरला गेली, भुपेंद्र दुकान बंद ठेवून सोबत. परीक्षकांनी दोन तास प्रश्न विचारले, त्यातला एक तास त्या जास्तीच्या प्रकरणावरच गेला. शेवटी त्यातल्या एक वयस्क बाई म्हणाल्या, "आकडा लहान आहे, पण यावर मी पाय रोवून उभी राहू शकते." निकाल ऐकल्यावर नीतूनं बाहेर येऊन आधी घरी फोन लावला. पलीकडून निर्मलाबाईंनी काहीच विचारलं नाही, नुसतं "जेवली का?" म्हणाल्या, आणि मग फोन प्राचीकडे दिला.

पुढच्या जानेवारीत नीतूला एक फोन आला. दामिनी नावाची मुलगी, एम.एस्सी.ला, आमगावकडची. तिला याच विषयावर काम करायचं होतं. नीतूनं तिला आकडे, प्रोग्रॅम आणि व्हर्जनांची यादी पाठवली होती.

"मॅडम, माझ्या कॉम्प्युटरवर चालवून पाहिलं. एक पॉइंट तीनच आलं," दामिनी म्हणाली. "बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," नीतू म्हणाली, आणि फोनवर हात ठेवून स्वयंपाकघराकडे वळली. "माय, त्या आमगावच्या मुलीकडं पण एक पॉइंट तीनच आलं."

निर्मलाबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"माह्या वहीतूनच?"

"तुमच्या वहीतूनच. ती कुठं, आपण कुठं. तिनं तलाव पाहिलेसुद्धा नाहीत."

निर्मलाबाईंनी सूप खाली ठेवलं. "पाहिले नाही तं कसं जमंल?" त्या म्हणाल्या. "बोलाव तिले. मोजाले शिकवीन मी. आन् चपला घालून नको येऊ म्हना, पारीवर घसरते."